न दुखणाऱ्या पायासाठी नवी त्वचा

रामनवमी जवळ आली की मालेगाव-मनमाड-येवला रस्त्यावर शिर्डीकडे पायी निघालेल्या पालख्या दिसू लागतात. मनमाडपासून शिर्डी साधारण ६० किलोमीटर. बरेच जण अनवाणी चालतात. चैत्रातल्या दुपारी हवेचा पारा ४० अंशांच्या आसपास असला, तर उन्हात तापलेले डांबर ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. त्वचा किती तापमानाला किती वेळ टिकाव धरते, याची मोजणी अमेरिकेत १९४७ साली झाली. ती आजही प्रमाण मानली जाते. ४४ अंशांची वस्तू सतत चिकटून राहिली तर त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात.

तरीही बहुतेकांचे पाय शाबूत राहतात, कारण चटका बसताच पाऊल आपोआप उचलले जाते. माणूस रस्ता सोडून कडेच्या मातीवर येतो, झाडाची सावली गाठतो, फारच झाले तर चप्पल घालतो. यातला कोणताही निर्णय तो विचार करून घेत नाही. तळव्याने तक्रार केलेली असते आणि शरीराने ती ऐकलेली असते.

पण गर्दीत एखादा असाही असतो, की तो डांबरावरून सरळ चालत राहतो. सोबतचे त्याच्या चिवटपणाचे कौतुक करतात. रात्री मुक्कामाला पाय धुताना कुणाला तरी दिसते, की तळव्याची कातडी फोड येऊन सुटली आहे. त्याला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह असतो, आणि पायाला चटका कळण्याची सोय कधीच संपलेली असते. सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत असे पाय बारा महिने येतात. कुणाच्या चपलेत खिळा घुसलेला असतो, कुणाच्या बुटात खडा राहिलेला असतो, कुणी गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतलेला असतो. उशिरा का आलात, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘दुखत नव्हतं, म्हणून लक्ष दिलं नाही.’

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अनेक वर्षे वाढलेली साखर शरीरातल्या मज्जातंतूंना इजा करते. सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, त्यांची लांबी सुमारे एक मीटर असते. म्हणून पहिली झळ बोटांना बसते. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, गादीवर चालल्यासारखे वाटते. पुढे ही आग कमी होते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. अनेकदा तो आजार कमी झाल्याचा पुरावा नसतो. तक्रार करणारा तंतूच निकामी झालेला असतो.

सिग्नल बिघडला तर लाल

मनमाड हे जंक्शनचे गाव. मुंबई-भुसावळ मार्ग, दौंडकडे जाणारा फाटा आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा फाटा इथे भेटतात. सिग्नल म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळते. रेल्वेच्या सिग्नलमागचे एक जुने तत्त्व या आजाराच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रुळाच्या ठरावीक तुकड्यातून अगदी कमी दाबाची वीज सतत खेळवलेली असते. तिला ट्रॅक सर्किट म्हणतात. गाडी त्या तुकड्यावर आली की चाकांमुळे वीज मधल्यामध्ये वळते, पलीकडचा रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. पण रूळ तुटला, तार निघाली किंवा बॅटरी संपली तरीही तो रिले पडतोच, आणि सिग्नल लालच होतो. बिघाड म्हणजे धोका, असेच ही यंत्रणा धरून चालते.

माणसाच्या शरीरात याच्या उलट घडते. तार तुटली की निरोप येत नाही, आणि निरोप नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे मेंदू समजतो. बधिर पायाचा सिग्नल कायम हिरवा असतो. त्याच हिरव्या सिग्नलवर माणूस जखमेवर चालत राहतो. जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो, रक्तपुरवठाही कमी असेल तर गँगरीन होते, आणि अखेरीस बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय काढावा लागतो.

पायाची ही तुटलेली तार बाहेरून जोडता येईल का, या प्रश्नावर सध्या जगभर काम चालू आहे. दाब, उष्णता, ओलावा अशा अनेक गोष्टी एकाच वेळी जाणणारी आणि त्यासाठी बाहेरून वीज न लागणारी कृत्रिम त्वचा हे त्या कामाचे एक उद्दिष्ट आहे. तिचा नमुना आहे आपलीच त्वचा.

वीज येते कुठून?

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते, म्हणजे साधारण एका पलंगावरच्या चादरीएवढे. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांच्या आतल्या बाजूला मिळून स्पर्श जाणणारे सुमारे १७ हजार तंतू आहेत. त्यांची कामे वाटून दिलेली असतात. काही तंतू फक्त बदल टिपतात: वस्तू टेकली, निसटली, थरथरली. काही तंतू दाब जोवर आहे तोवर निरोप देत राहतात. उष्णता, थंडी आणि इजा यांच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे.

या सगळ्यांना वीज कोण पुरवतो? प्रत्येक मज्जातंतू स्वतःच एक छोटी बॅटरी आहे. पेशीच्या पातळ आवरणाच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त असते. या फरकामुळे आवरणाच्या दोन्ही बाजूंमध्ये सुमारे ७० मिलिव्होल्टचा दाब कायम तयार असतो. आवरणात सूक्ष्म दारे असतात. दाब किंवा उष्णता यांचे काम एवढेच, की योग्य ते दार उघडायचे. दार उघडले की सोडियम आत धावतो आणि विजेची लाट मेंदूकडे निघते. बॅटरी पुन्हा भरण्याचे काम पेशीतले पंप करतात, आणि त्यांना लागणारी ऊर्जा आपण खाल्लेल्या भाकरीतून येते.

ही दारे शोधण्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या अमेरिकेतील शास्त्रज्ञांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्युलियस यांनी मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याचा माग काढला. ते ज्या दारावर काम करते, तेच दार सुमारे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडते, असे त्यांना १९९७ साली आढळले. ठेचा खाल्ल्यावर तोंड खरोखर गरम झालेले नसते. पण मेंदूकडे जाणारा निरोप भाजल्याचाच असतो. पॅटापुटियन यांनी २०१० साली दाबाने उघडणारी दारे शोधली. त्यांना ‘पिएझो’ हे नाव दिले गेले. या ग्रीक शब्दाचा अर्थच दाबणे.

संशोधकांनी त्वचेकडून शिकण्यासारख्या गोष्टी यातूनच निवडल्या. एक, जाणीव जिथे होते तिथेच वीज तयार असावी. दोन, वेगवेगळ्या उद्दीपनांसाठी वेगवेगळे निरोप निघावेत. तीन, निरोप दुर्लक्ष करता येणार नाही अशा ठिकाणी पोचावा. पहिल्या गोष्टीत आज बरीच मजल मारली आहे, दुसरीत थोडी, आणि तिसरी सर्वांत अवघड ठरली आहे.

झाकणारी त्वचा आणि जाणणारी त्वचा

कृत्रिम त्वचा म्हटले की अनेकांना भाजलेल्या रुग्णांचे उपचार आठवतात. भाजलेल्या भागावर लावण्यासाठी दान केलेली त्वचा साठवणारी पेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली सुरू झाली. प्रयोगशाळेत तयार केलेली आवरणेही वापरात आहेत. ही त्वचा जखम झाकते, शरीरातले पाणी वाचवते, संसर्ग रोखते. पण तिला कळत काही नाही.

जाणणारी त्वचा वेगळी. ती रबरासारख्या पातळ पटलावर बसवलेल्या संवेदकांची असते. रोबोटच्या बोटांवर, कृत्रिम हातावर किंवा चपलेच्या आतल्या तळव्यावर ती बसवता यावी असा प्रयत्न आहे. मूळचे भारतीय असलेले अभियंते रविंदर दहिया यांच्या ग्लासगो येथील गटाने २०१७ साली ग्राफिनची अशी पारदर्शक त्वचा तयार केली. तिला दर चौरस सेंटिमीटरला फक्त २० नॅनोवॉट वीज लागते, आणि ती खाली बसवलेल्या सौरपटलातून मिळवता येते. कृत्रिम हातासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण चपलेच्या आत ऊन पोचत नाही.

पायाच्या बाबतीत विजेचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. घामाने भिजणाऱ्या, दिवसाला हजारो पावले दबणाऱ्या तळव्यात बॅटरी बसवणे अवघड असते. बसवली तर ती रोज चार्ज करावी लागते. ज्याला साखरेची गोळी वेळेवर घ्यायची आठवण राहत नाही, तो चप्पल चार्ज करायला विसरणारच. आणि बॅटरी संपलेला संवेदक हा बधिर पायासारखाच असतो, तो गप्प बसतो आणि सगळे ठीक असल्याचा भास निर्माण करतो.

दाबातून, घर्षणातून, मिठातून

बाहेरून वीज न घेता निरोप देण्याचे एक उदाहरण रेल्वेतच आहे. धुक्यात किंवा रूळ धोक्यात असताना रुळावर डेटोनेटर बसवतात. गाडीचे चाक त्यावरून गेले की मोठा आवाज होतो आणि चालक सावध होतो. त्याला तार नको, बॅटरी नको. ज्या चाकाला इशारा द्यायचा, त्याच चाकाच्या दाबाने इशारा वाजतो. स्वयंचलित त्वचेची कल्पना हीच आहे, फक्त ती एकदा वाजून संपता कामा नये.

पहिला मार्ग दाबाचा. काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. गॅसच्या शेगडीसाठी वापरतो त्या खटका दाबायच्या लायटरमध्ये ठिणगी याच गुणधर्मामुळे पडते. स्फटिक कडक असतात, त्वचेला मऊ पदार्थ हवा. १९६९ साली जपानमध्ये हेइजी कावाई यांना पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पातळ पटलात हा गुण मोठ्या प्रमाणात आढळला, आणि लवचिक संवेदकांचा रस्ता मोकळा झाला.

दुसरा मार्ग घर्षणाचा. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकर भरण्याआधी त्याला अर्थिंगची तार जोडतात, कारण इंधन वाहताना स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की विद्युतभार एका पदार्थावरून दुसऱ्यावर जातो. डेपोत ज्याची भीती बाळगतात, त्याच गुणधर्मातून २०१२ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत झोंग लिन वांग यांच्या गटाने छोटे वीजजनित्र बनवले. पाऊल टेकणे आणि उचलणे एवढ्यावर ते चालते.

तिसरा मार्ग मिठाचा, आणि तो सजीवांच्या सर्वांत जवळचा आहे. दक्षिण अमेरिकेतला विद्युत ईल हा मासा हजारो पेशी एकापुढे एक रचून शिकारीला झटका देतो. त्याचे अनुकरण करत स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली कमीअधिक खारट अशा मऊ जेलच्या चकत्या रचल्या आणि ११० व्होल्टपर्यंत दाब मिळवला. प्रवाह अगदी थोडा होता, पण धातू आणि कडक सेल यांच्याशिवाय मऊ बॅटरी बनू शकते, हे त्यातून दिसले. मज्जातंतूसारखाच आयनांचा फरक जेलमध्ये कायम राखायचा आणि स्पर्शाने तो बदलू द्यायचा, अशी त्वचा बनवण्याचे प्रयत्न याच विचारातून चालू आहेत.

घट्ट बुटाचा प्रश्न

आता अडचणी. पायाला जखम मुख्यतः तीन प्रकारे होते. खिळा, काच किंवा चटका यांनी एकदम. सततच्या चालण्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या मध्यम दाबाने. आणि घट्ट बुटाने तासन्‌तास टिकणाऱ्या हलक्या दाबाने, ज्यामुळे तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो.

दाबाने वीज देणारा पदार्थ पहिल्या दोन प्रकारांत चांगला उपयोगी पडतो. तिसऱ्यात तो फसतो, कारण तो फक्त बदलाला उत्तर देतो. बूट घातला त्या क्षणी तो बोलेल, नंतर त्याच्यावरचा विद्युतभार झिरपून जाईल आणि तो गप्प बसेल. बूट मात्र सहा तास पायाला चावत राहील. निसर्गाने बदल टिपणारे आणि दाब धरून ठेवणारे असे दोन्ही तंतू का ठेवले, ते इथे कळते. आयनांवर चालणाऱ्या त्वचेत या अडचणीवर तोडगा दिसतो. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने २०२० साली असा संवेदक दाखवला, की दाब टिकून असेपर्यंत त्याचा विद्युतदाबही बदललेला राहतो.

दुसरी अडचण सरमिसळीची. पीव्हीडीएफ दाबल्यावर वीज देते आणि तापल्यावरही देते. मग आलेला निरोप दाबाचा की उष्णतेचा? पायाच्या बाबतीत दोन्ही हवेत, पण वेगवेगळे. कारण जखम उघडी पडण्याच्या आधी आतल्या सुजेने ती जागा गरम होते. दोन्ही पावलांच्या त्याच जागेच्या तापमानात सुमारे २.२ अंशांहून अधिक फरक दिसला आणि रुग्णाने चालणे कमी केले, तर जखमा टळतात, असे अमेरिकेतील चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे दाब सांगतो की धोका कुठे होईल, आणि तापमान सांगते की तो सुरू झाला आहे. दक्षिण कोरियातील पोहांग येथील शास्त्रज्ञांनी २०२० साली आयनांच्या हालचालीचा वेग मोजून ताण आणि तापमान वेगळे काढणारी त्वचा दाखवली. तिला बाहेरून वीज लागते. वीज नको आणि सरमिसळही नको, हे दोन्ही एकत्र साधणे हा आजचा खरा पेच आहे.

तिसरी अडचण रोजच्या वापराची. घाम, धूळ, पावसाळ्यातला चिखल, हजारो पावले. घर्षणावर चालणारी जनित्रे दमट हवेत मंदावतात. शिवाय त्वचेला वीज लागत नसली, तरी तिचा निरोप वाचून फोनपर्यंत पोचवणाऱ्या यंत्राला ती लागतेच. ‘बाहेरच्या विजेविना’ या शब्दांचा अर्थ आज तरी संवेदकापुरताच मर्यादित आहे.

या वाटेवर आपल्याकडेही काम चालू आहे. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये आर. बूमीशंकर यांचा गट यांत्रिक दाबातून वीज देणारे लवचिक पदार्थ तयार करतो. कोलकात्याची ‘आयसर’ आणि खरगपूरची आयआयटी येथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली असे स्फटिक दाखवले, की ते तुटले तरी स्वतःच्याच विद्युतभारामुळे क्षणार्धात पुन्हा जुळतात. झिजणाऱ्या, फाटणाऱ्या त्वचेसाठी असा गुण पुढे उपयोगी पडू शकतो.

निरोप पोचला, पण ऐकला का?

सर्वांत मोठी अडचण मात्र पदार्थविज्ञानाची नाही. ती पन्नासएक वर्षांपूर्वीच लक्षात आली होती, आणि तिची सुरुवात भारतातल्या कुष्ठरुग्णांपासून होते.

कुष्ठरोगात बोटे झडतात, असा समज शतकानुशतके होता. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करायला घेतले, त्या काळात रोगाविषयीची भीती याच समजावर पोसलेली होती. तमिळनाडूत जन्मलेले इंग्रज शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहून त्यांनी दाखवून दिले, की बोटे आपोआप झडत नाहीत. जंतू मज्जातंतू मारतो, संवेदना जाते, आणि पुढचे नुकसान चटके, खिळे, न जाणवलेल्या जखमा आणि संसर्ग यांनी होते. वेदना नसणे हाच मोठा आजार होता. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआर चपला वेल्लोरच्या परिसरात विकसित झाल्या, त्या याच जाणिवेतून. आजही कुष्ठरुग्णांना आणि मधुमेहींना त्या दिल्या जातात.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी अभियंत्यांच्या मदतीने कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोजे आणि मोजे यांत दाबाचे संवेदक बसवले. दाब धोक्याच्या पातळीवर गेला की कानात आवाज वाजे. रुग्ण तो आवाज ऐकत आणि हातातले काम पुरे करत. मग संवेदना शाबूत असलेल्या जागी विजेचा झटका देऊन पाहिला. तर नेमके जोर लावायच्या वेळी रुग्ण यंत्र बंद करत, काम झाल्यावर पुन्हा चालू करत. खर्चही मोठा होता आणि संवेदक टिकत नव्हते. अखेर प्रकल्प गुंडाळावा लागला. ब्रँड यांनी काढलेला निष्कर्ष असा: वेदनेचे सामर्थ्य ती बंद करता येत नाही यात आहे. बंद करण्याचे बटण माणसाच्या हातात दिले, की ती केवळ सूचना उरते.

आजच्या संशोधकांना हा धडा ठाऊक आहे. म्हणून निरोप थेट मज्जासंस्थेत पोचवण्याचे प्रयोग होत आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटाने २०२३ साली पाच व्होल्टवर चालणारी मऊ त्वचा उंदराच्या मेंदूशी जोडली. त्वचेवर दाब वाढवला तसा उंदराचा पाय अधिक जोराने हलला. हात गमावलेल्या माणसासाठी ही आशेची गोष्ट आहे, कारण त्याचे उरलेले मज्जातंतू जिवंत असतात. मधुमेहात तंतूच मेलेले असल्याने निरोप दुसऱ्या मार्गाने न्यावा लागेल. तो दुसरा मार्ग आज तरी फोनवरची सूचना किंवा कंप हाच आहे, आणि ब्रँड यांच्या रुग्णांप्रमाणे ती सूचना बाजूला सारणे कुणालाही सोपे आहे.

म्हणून ही त्वचा लवकरच मेडिकलच्या दुकानात मिळेल, अशा समजुतीत राहू नये. ‘सेन्सरवाली’ चप्पल किंवा नस जिवंत करणारे मोजे अशी जाहिरात दिसली, तर पैसे देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बधिर पायाला संवेदना परत देणारी चप्पल आज उपलब्ध नाही.

घरात असलेले संवेदक

तोवर पायाची राखण कुणी करायची? ज्यांचे तंतू शाबूत आहेत त्या अवयवांनी. डोळे आणि हात यांना वीज लागत नाही, आणि ते दाब, उष्णता, ओलावा, रंग, वास असे सगळे टिपतात.

पायाची संवेदना शाबूत आहे का, हे घरच्या घरी पाहता येते. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी रुजवलेली ही साधी चाचणी आहे. रुग्णाने झोपून डोळे मिटावेत. घरातल्या दुसऱ्या कुणी आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या उजव्या, मग डाव्या पायाच्या अंगठ्याला, करंगळीला आणि मधल्या बोटाला एक-दोन सेकंद अलगद टेकवावे. दाबू नये, घासू नये, गुदगुल्या करू नयेत. प्रत्येक स्पर्श कळला की रुग्णाने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. दवाखान्यात हीच तपासणी नायलॉनच्या एका ठरावीक जाडीच्या तंतूने करतात. त्याला काही सेकंद पुरतात, मात्र त्यासाठी रुग्णाने मोजे काढायला हवेत आणि डॉक्टरांनी ते काढायला सांगायला हवेत.

संवेदना कमी झाली असेल तर रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्यांत ओल, भेगा, घट्ट्याखाली काळपट डाग, नवा फोड, एखाद्या जागी लाली हे सगळे धोक्याचे इशारे आहेत. हाताची पालथी बाजू दोन्ही पावलांवर त्याच जागी ठेवून पाहावी. एक जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली, तर दुखत नसले तरी चालणे कमी करून तपासणी करून घ्यावी. हे काम सुनेने, नातवाने केले तरी चालते. अनेकदा घरातल्या लहान मुलाची नजर सर्वांत तीक्ष्ण ठरते.

घरात आणि अंगणातही अनवाणी चालू नये. देवळात चप्पल काढावी लागते, तिथे मोजे घालावेत आणि दुपारच्या उन्हाची वेळ टाळावी. पायी वारीचा नवस असेल तर निघण्याआठवडाभर आधी पाय तपासून घ्यावेत आणि मऊ तळ व मागे पट्टा असलेल्या चपला वापराव्यात. चप्पल-बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालावी आणि लगेच पाय पाहावेत. पाणी गरम आहे का, हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. शेक घेऊ नये, घट्टे ब्लेडने कापू नयेत, कुरूपावर जळजळीत औषध लावू नये. तंबाखू सोडावी, कारण ती पायाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. साखर आटोक्यात राहिली तर उरलेले तंतू टिकतात. सरकारी रुग्णालयांतील असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात साखरेची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.

जखम दिसली तर हळद, राख, चुना यांच्या नादी न लागता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाऊल सुजले, लाल झाले, जखमेतून वास येऊ लागला किंवा ताप आला, तर रात्र काढू नये. ‘दुखत नाही, उद्या बघू’ हे वाक्य बधिर पायाला लागू पडत नाही. दुखायला हवे होते आणि दुखत नाही, हीच मुळी दवाखान्यात जाण्याची निकड आहे.